पिवळं तेल

बावीस वर्षं बाई मोटार चालवायला शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं शहरभर पसरलेली होती. डॉक्टर होते, दूधवाले होते, शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, दोन वकील होते आणि एक तर चक्क वाहतूक पोलीस होता. चौकात बाईंची पांढरी गाडी दिसली की तो अजूनही नकळत ताठ उभा राहायचा, कारण शिकत असताना बाईंनी त्याला सुनावलं होतं, "असा पोक काढून बसलास तर आरशात मागची गाडी नाही, स्वतःचं पोट दिसेल." बाईंची जीभ अशी होती. पण शिकवणं चोख, म्हणून लोक दोन शब्द ऐकून घेऊनसुद्धा त्यांच्याकडेच यायचे.

गाडी एकच. बाईंच्या बाजूला जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवून घेतलेली. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात, बंद पडलेल्या एका गोदामामागच्या मैदानात आणि मग हळूहळू रस्त्यावर, असं त्यांचं शिकवणं चाले. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि एक जाडजूड वही, एवढंच ऑफिस. नवरा मुद्रितशोधक. आयुष्यभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेला. घरात तो फारसं बोलत नसे, पण बोलला की नेमकं बोलायचा, आणि त्याचाच बाईंना राग यायचा.

बॉनेटच्या आत मात्र बाई फारशा कधी डोकावल्या नव्हत्या. पाणी भरायचं, तेलाची दांडी काढून पुसून बघायची, इतकंच. दांडी बघायला तर त्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी लावत. बाकी सगळं कोपऱ्यावरच्या गॅरेजातला मेस्त्री करायचा.

त्या महिन्यात गाडी मेस्त्रीकडे नेली तेव्हा बाईंनी सांगितलं, "पट्टा ओरडतोय, बदल."

मेस्त्रीने बॉनेट उघडलं, कान दिला आणि हसला. "पट्टा नाही, बाई. बेअरिंग आहे."

"मला पट्ट्यासारखा वाटला."

"कसं आहे बाई, गाडी चालवणं निराळं आणि गाडी कळणं निराळं. तुम्ही आपलं स्टिअरिंग सांभाळा. आतलं आम्ही बघतो."

तो काही वाईट मनाने बोलला नव्हता. पण गॅरेजच्या बाकावर तिघेजण चहा पीत बसले होते, ते हसले. त्यांतला एक बाईंचाच जुना विद्यार्थी होता. तीन वेळा परीक्षेत नापास झालेला आणि चौथ्यांदा बाईंनी रेटून पास करवलेला. तोही हसला. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बेअरिंग बदलून होईपर्यंत त्या बाहेर उन्हात उभ्या राहिल्या, पण बाकावर बसल्या नाहीत.

घरी आल्या त्या हातात नव्या तेलाचा डबा, फिल्टर आणि पान्यांचा संच घेऊनच.

"हे काय?" नवऱ्याने चष्मा वर करून विचारलं.

"तेल बदलायची वेळ झालीय. या वेळी मी बदलणार."

"तू?"

"का? पुस्तकात लिहिलंय सगळं. वाचता येतं मला."

"वाचता येतं ते खरं," नवरा म्हणाला आणि चष्मा खाली घेतला.

रविवारी सकाळी घरामागच्या गल्लीत कार्यक्रम सुरू झाला. सुताराकडून करून आणलेल्या दोन लाकडी उतारांवर बाईंनी गाडीची पुढची चाकं चढवली. चढवली मात्र अशी की सुताराने तोंडात बोट घालावं. एका दमात, सरळ रेषेत, बोटभरही इकडेतिकडे नाही. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना विटा लावल्या. मग जुनी पँट, डोक्याला फडकं आणि खाली पुठ्ठा अंथरून बाई गाडीखाली सरकल्या. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्याच गाडीचं पोट पाहिलं.

वर बघताच त्यांची मती गुंग झाली. पुस्तकातल्या चित्रात सगळं स्वच्छ होतं, रेषा होत्या, बाण होते. इथे नुसता काळा चिखल थापलेला, त्यातून डोकावणारे नट आणि कशाचा काय पत्ता नाही. नवरा बाहेर खुर्चीवर बसून पुस्तक वाचत होता.

"'इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्राच्या मागील बाजूस निचऱ्याचा नट असतो.' इथे 'पात्राच्या'मध्ये काना राहिलाय बघ."

"काना राहू दे! मागची म्हणजे कुठली? तुमच्याकडची की माझ्याकडची?"

"ते नाही लिहिलेलं."

बाईंना एक मोठा नट सापडला. बरोबर मध्यावर नव्हता, जरा बाजूला होता, पण नट होता आणि त्याच्यावरचं भांडं खालून फुगीर होतं. पाना नीट बसेना. जोर लावला तसा तो सटकला आणि बोटांची कातडी सोलून निघाली. दुसरा पाना लावला. पुन्हा सटकला. शेवटी दात-ओठ खाऊन झटका दिला, तेव्हा नट हलला आणि प्लास्टिकच्या घमेल्यात धार लागली. बाईंना अगदी परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

नवरा वाकून बघत होता. "अगं, पुस्तकात लिहिलंय की जुनं तेल काळं असतं. हे तर पिवळंधमक आहे. मधासारखं."

"गाडी कोणाची आहे? नीट ठेवलेली गाडी आहे. तेल काळं करणारे वेगळे असतात."

"आणि वास कसला येतोय? गंधकासारखा."

"तेलाला अत्तराचा वास येतो का?"

धार थांबली. नवऱ्याने घमेल्याकडे पाहिलं. "हे दोन लिटर असेल. तू तर साडेतीनचा डबा आणलायस."

"थोडं जळतंच गाडीत. तुम्ही प्रूफं तपासताय की मला मदत करताय?"

बाईंनी नट घट्ट केला. फिल्टर काही केल्या फिरेना, तेव्हा 'पुढच्या वेळी' म्हणून तो तसाच सोडला. मग वर येऊन इंजिनाचं झाकण उघडून डबा रिता केला. शेवटच्या थेंबापर्यंत. दांडी काढून बघायची त्यांना आठवण झाली नाही असं नाही. डबा मोजूनच आणलेला होता, मग बघायचं काय, असं त्या मनात म्हणाल्या. खरं म्हणजे नवरा पाहत होता आणि त्याच्यादेखत काही चुकलेलं निघू नये, एवढीच त्यामागे इच्छा होती.

सोमवारी गाडी नेहमीसारखी चालली. जराशी जास्त धूर सोडत होती. बाईंनी पेट्रोलला दोष दिला. मंगळवारी तिसऱ्या गिअरवर एक बारीक सूर निघायला लागला, लांबून कोणी शिट्टी वाजवावी तसा. बुधवारी तो सूर मोठा झाला आणि गिअर टाकताना खडखडायला लागलं. बाईंना तो ऐकू येत होता. पण शिकणाऱ्यांच्या हातात गाडीचे हाल होतातच, हे उत्तर त्यांच्याकडे बावीस वर्षांपासून तयार होतं.

गुरुवारी सकाळी सात वाजता इस्त्रीवालीची वेळ होती.

बाई विद्यार्थ्यांना कामावरून ओळखत. ही मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. पस्तिशीच्या आतली, बारीक अंगाची, हातावर भाजल्याचे जुने डाग. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे पडदे, तेरा वर्षं वाफेत उभी. नवरा बाहेरगावी नोकरीला. घरी सासू आणि दीर. लॉन्ड्रीचा मालक तिला म्हणाला होता, महिन्याअखेर लायसन्स आण, कपडे पोचवायची व्हॅन तुझ्या हातात देतो. वाफेतून सुटका होती ती. पुढच्या मंगळवारी तिची परीक्षा होती. हात जरा भित्रा, पण लक्ष असं की बाईंनी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. बाईंना ती मनातून आवडायची. आवडणाऱ्यांना बाई जास्त रागवत.

मैदानाला दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्यातून तिसरा टाकताना असा आवाज झाला की गोदामावरची कबुतरं उडाली.

"क्लच पूर्ण दाब!"

"दाबलाय, बाई."

"दाबलायस तर गिअर किंचाळला का?"

तिने पुन्हा टाकला. पुन्हा तोच आवाज. मैदानाच्या कडेला पुढच्या वेळेचे दोघे उभे होते, एक बँकेतला आणि एक कॉलेजची मुलगी. दोघंही बघायला लागली.

"बाई," इस्त्रीवाली हळूच म्हणाली, "मी दांड्याला हात लावत नाहीये, तरी आवाज येतोय. ऐका ना."

तिने हात उचलून दाखवला. आवाज येतच होता. बाईंच्या आत काहीतरी लक्कन हललं. क्षणभरच. आणि त्या क्षणाचाच त्यांना इतका संताप आला की तिने पुन्हा गिअरच्या दांड्यावर ठेवलेला हात त्यांनी फटकन झटकून टाकला.

"मला शिकवतेस? बावीस वर्षं ही गाडी चालवतेय मी! तेरा वर्षं इस्त्री रेटलीस, तोच हात आहे तुझा. ही चादर नाही, मोटार आहे! गिअरबॉक्सची वाट लावलीस माझ्या. उतर खाली."

"बाई, मंगळवारी परीक्षा—"

"कसली परीक्षा? तुला परीक्षेला बसवून मी माझं नाव घालवू? उतर."

ती उतरली. दार हळू लावलं, जसं बाईंनी शिकवलं होतं तसंच. पदराने तोंड पुसलं नाही, काही नाही. कॉलेजची मुलगी तिला काहीतरी म्हणाली, पण ती न थांबता मैदान ओलांडून गेली.

दोन तासांनी भर बाजारात, स्वतः बाई चालवत असताना, गाडीने गिअर घ्यायचंच सोडून दिलं. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने दोर बांधून ती गॅरेजपर्यंत ओढत नेली.

मेस्त्री गाडीखालून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बाकावर आज चौघे होते.

"बाई, तेल कोणी बदललं?"

"का?"

"आधी सांगा, कोणी बदललं?"

बाई गाडीकडे बघत म्हणाल्या, "बाहेर दिली होती. एका दुसऱ्या गॅरेजला."

"कोण गाढव आहे तो?" मेस्त्री गरजला. "इंजिनाचा नट म्हणून गिअरबॉक्सचा नट खोललाय त्याने! गिअरबॉक्सात एक थेंब तेल नाही. आणि इंजिनात आधीचं तसंच ठेवून वर नवीन ओतलंय. नटाची तोंडं घासून पार गोल केलीत. असल्या माणसाच्या हातात पाना देतो तरी कोण?"

"नाव सांगा त्याचं," बाकावरचा एक म्हणाला.

"दांडीसुद्धा काढून बघितली नाही! अहो, बाईंचा पहिल्या दिवशीचा विद्यार्थीसुद्धा दांडी बघतो."

सगळे हसले. बाई उभ्या होत्या. भुईने पोटात घेतलं तर बरं, असं वाटण्याची वेळ माणसावर येते असं त्यांनी फक्त ऐकलं होतं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "नवीन असेल बिचारा." आणि हे बोलताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

तेवढ्यात मेस्त्रीची नजर त्यांच्या हाताकडे गेली. उजव्या हाताच्या बोटांवर सोललेल्या कातडीच्या खपल्या होत्या. नखांच्या कडांना चार दिवस घासूनही न गेलेलं काळं होतं. बाईंनी हात मागे घेतला, पण उशीर झाला होता. मेस्त्रीने खांद्यावरचं फडकं ओढलं. फडक्याने बराच वेळ हात पुसत राहिला. मग बाकाकडे पाठ करून, हळू आवाजात म्हणाला, "त्या माणसाला भेटलात तर सांगा, बाई. इंजिनाचं तेल काळं येतं. पिवळं आलं की हात थांबवायचा, नट परत लावायचा आणि कोणाला तरी विचारायचं. विचारल्याने काही जात नाही."

"सांगते."

"आणि हे एका दिवसात होत नाही. चार दिवस गिअर ओरडत असणार. कोणालाच ऐकू आलं नाही?"

ऐकू आलं होतं. इस्त्रीवालीला आलं होतं, आणि तिने हात उचलून दाखवलंही होतं.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तेलाचं सांगताना त्रास झाला नाही, त्याला ते बहुधा रविवारीच कळलं होतं. हात झटकल्याचं सांगताना मात्र शब्द फुटेना. 'तोच हात आहे तुझा' हे वाक्य तर त्यांनी गाळलंच.

"तिला सांगायला पाहिजे," नवरा म्हणाला.

"सांगणारच आहे. गाडी येऊ दे दुरुस्त होऊन."

"गाडीचा काय संबंध?"

गाडीचा काहीच संबंध नव्हता. वहीत नंबर होता. शुक्रवारी बाईंनी फोन लावला आणि पहिली घंटी वाजताच ठेवून दिला. शनिवारी काय बोलायचं ते मनात जुळवलं, पण प्रत्येक वेळी वाक्य 'त्याचं काय झालं' असं सुरू व्हायचं आणि मेस्त्री, पुस्तक, नट यांच्यात हरवून जायचं. रविवारी लॉन्ड्री बंद, म्हणून गेल्या नाहीत. सोमवारी गाडी आली. मंगळवारी त्या तीन विद्यार्थ्यांना घेऊन परीक्षेला गेल्या. तिथे अधिकाऱ्याने यादीतलं चौथं नाव दोनदा पुकारलं. बाई म्हणाल्या, "आली नाही आज." अधिकाऱ्याने नावावर रेघ मारली. त्या रेघेकडे बघवलं नाही तेव्हा कुठे बाई हलल्या.

बुधवारी संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीला कडक इस्त्रीचे पडदे. दीर नुकताच कामावरून येऊन मोजे काढत होता. सासू पलंगावर गुडघे चोळत बसली होती.

"या," सासू म्हणाली. "नुकसान सांगायला आलात वाटतं. ही म्हणाली गाडी मोडली म्हणून."

"मी आधीच म्हणत होतो," दीर म्हणाला. "हिच्या हातून नाही व्हायचं हे. उगीच हौस."

"नाही, तसं नाही," बाई म्हणाल्या. "गाडीतच जरा बिघाड होता."

"बिघाड झाला तो हिने गिअर खेचल्यामुळेच ना?"

हीच ती वेळ होती. सासूने वाक्य अगदी ताटात वाढून दिलं होतं. नुसतं 'नाही, माझ्यामुळे' एवढंच म्हणायचं होतं. बाईंनी तोंड उघडलं, दिराकडे पाहिलं. तो हसायच्या तयारीत होता, बाकावरच्या माणसांसारखाच.

"जुनी गाडी आहे," त्या म्हणाल्या. "होतं असं कधीकधी."

इस्त्रीवाली आतून चहा घेऊन आली. कप ठेवला, वर पाहिलं नाही, परत आत गेली. बाईंनी तो चहा पोळत असताना घोटाघोटाने संपवला आणि निघाल्या. पहिल्या मजल्यावर त्या थांबल्या, परत वर जायला वळल्या, आणि नाही गेल्या.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळच्या शिकवण्या रद्द करून त्या सरळ लॉन्ड्रीवर धडकल्या.

आत मोठाले पिंप घरघरत फिरत होते, वाफेने समोरचं माणूस दिसेना. टेबलांच्या रांगेत इस्त्रीवाली शेवटून दुसरी. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझी चूक होती," बाई म्हणाल्या.

"काय?" तिने कानाला हात लावला.

"चूक माझी होती!" बाई ओरडल्या. "तेल मी बदललं! गिअरबॉक्सचं तेल मी सांडलं! तुझा हात बरोबर होता!"

आजूबाजूच्या चार इस्त्र्या थांबल्या. इस्त्रीवालीने हातातली चादर पुरी केली, घडी घातली, ढिगावर ठेवली. मग बाईंना खूण करून मागच्या दारी घेऊन गेली. तिथे जरा शांत होतं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"म्हणजे काल घरी आलात तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मी आत ओट्यापाशी उभी होते. चहा केव्हाच झाला होता. तुम्ही काहीतरी बोलाल म्हणून बाहेर आणत नव्हते." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "इथे सांगून काय उपयोग, बाई? इथे मला कोणी बोललंच नव्हतं."

"व्हॅनचं?"

"मालकाने भाच्याला दिली. सोमवारीच. मी म्हटलं, माझी परीक्षा नाही होणार."

इस्त्रीवाली म्हणाली, "ढीग पडलाय," आणि आत गेली.

त्याच संध्याकाळी बाई पुन्हा तीन मजले चढल्या. या वेळी बसल्या नाहीत. दाराजवळच उभ्या राहून, सासू आणि दीर दोघांच्या देखत, सगळं पहिल्यापासून सांगितलं. पट्टा आणि बेअरिंग, पिवळं तेल, नवऱ्याचं न ऐकलेलं, झटकलेला हात. 'तोच हात आहे तुझा' हेसुद्धा या वेळी गाळलं नाही. कालच्या चहाचंही सांगितलं.

दीर हसलाच. "म्हणजे शिकवणारीलाच कळत नाही!"

"नाही कळलं," बाई म्हणाल्या.

सासू मात्र हसली नाही. तिने गुडघ्यावरचा हात काढला, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आठवडाभर बोलतोय आम्ही हिला," ती म्हणाली. "जेवताना, उठताना. आमच्या तोंडून वदवून घेतलंत तुम्ही." मग दिराला म्हणाली, "तू हसू नकोस. तू सगळ्यात जास्त बोललास."

पुढच्या आठवड्यापासून इस्त्रीवाली परत यायला लागली. बाईंना आशा नव्हती. तिने एवढंच सांगितलं की घेतलेलं काम अर्धवट ठेवायची तिला सवय नाही. ती वेळेवर यायची, आरसा नीट करायची, सांगितलेलं करायची. 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलायची नाही. तिसरा गिअर टाकायची वेळ आली की तिचा हात दांड्याच्या वर अर्धा क्षण थांबायचा. बाई आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायच्या.

एकदा तिच्या हातून खरंच क्लच अर्धा राहिला आणि गिअर खरडला. तिने चटका बसावा तसा हात छातीशी ओढून घेतला.

"असू दे," बाई घाईने म्हणाल्या. "होतो सगळ्यांचा. काही बिघडत नाही."

"त्या दिवशी नव्हता झाला माझा," ती समोर बघत म्हणाली, आणि पुन्हा गिअर टाकला.

बाईंनी नंतर मेस्त्रीलाही सांगितलं, बाकावरच्या सगळ्यांसमोर, की ते गाढव म्हणजे मीच. मेस्त्री म्हणाला, "राहू द्या हो बाई," आणि बाकाकडे असं पाहिलं की कोणी हूं की चूं केलं नाही. ते सोपं गेलं. बाईंना वाटलं होतं सगळ्यात अवघड तेच असेल. त्या जुन्या विद्यार्थ्याने तर उठून त्यांना जागा करून दिली. त्या बसल्याही. पण बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही.

महिन्याभराने परीक्षा झाली. इस्त्रीवाली पहिल्या फटक्यात पास झाली. चढावर गाडी थांबवून पुन्हा चालू करताना तिने ती केसभरही मागे सरकू दिली नाही. अधिकारी बाईंकडे वळून म्हणाला, "तुमचीच ना? दिसतंय." बाईंनी मान खाली घातली. व्हॅन अजून भाच्याकडेच होती. तो सुट्टीवर गेला की हिला बोलावू, असं मालक म्हणाला होता. पुढे वर्षभराने तिला एका औषधांच्या गोदामात गाडीवर काम मिळाल्याचं बाईंच्या कानावर आलं, पण ते दुसऱ्याकडून.

परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर दीर स्कूटर घेऊन उभा होता. इस्त्रीवालीने कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. बाई पुढे झाल्या. तिचे हात हातात घ्यावेत असं त्यांच्या मनात होतं, पण त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

"जाते मी," ती म्हणाली. पाठीवर पदर घट्ट ओढून स्कूटरवर बसली आणि गेली.

घरी नवरा कोणाचं तरी हस्तलिखित तपासत बसला होता. "झाली पास?"

"पहिल्या फटक्यात."

"वा. निघताना काय म्हणाली?"

बाईंनी किल्ली खिळ्याला अडकवली. पाण्याचा पेला भरून घेतला आणि नवऱ्याकडे पाठ करून उभ्याउभ्याच प्यायल्या.

"येते म्हणाली," त्या म्हणाल्या.